परतीचे बारा लिटर

धाकूने एक किलोचे शेवटचे वजन पारड्यात ठेवले आणि हात वर घेतला. तराजूची दांडी जराशी डुलली, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि आडवी होऊन थांबली. दुसऱ्या पारड्यात, जिथे एरवी जळाऊ लाकडे चढतात तिथे, शिवदास मांडी घालून बसला होता. जानेवारीची सकाळ असली तरी वखारीत भुशाची ऊब होती. त्याने मात्र जाड खाकी कोटाची गळ्यापर्यंतची सगळी बटणे लावली होती.

"अडुसष्ट," धाकू म्हणाला.

सहदेव मेस्त्रीने वही उघडली, पण आकडा लिहिला नाही.

"साखळीला हात लावू नकोस, शिवा. पुन्हा बघू."

"यार मेस्त्री, दिवाळीपासून तिसऱ्यांदा तोलतोयस मला. मी काय गळतोय कुठे?"

"उडताना जसा बसणार तसाच तोलायचा. कोट, बूट, सगळ्यासकट. नियम आहे."

"तुझाच नियम ना?"

"मग काय शेजाऱ्याचा असेल?"

धाकू कमरेवर हात ठेवून दोघांकडे बघत होता. तो मूळचा मालवणकडचा, वखारीत पंचवीस वर्षे वजने उचलून त्याचे खांदे लाकडासारखेच झाले होते.

"काय रे मेस्त्री, ह्या माणसाक विकूक काढलंस काय? लाकडाच्या भावान देतलंस तर मीच घेतंय."

"हाडंच फार निघतील, धाकूशेठ," शिवदास पारड्यातून म्हणाला. "परवडायचं नाही."

दांडी पुन्हा आडवी थांबली. सहदेवने अडुसष्ट लिहून खाली रेघ ओढली. धाकूने सवयीप्रमाणे वीस किलोचे वजन एकदम उचलले, आणि शिवदासचे पारडे धाडकन जमिनीवर आदळले.

"अरे, लाकूड नाही मी!"

धाकू हसला. शिवदास साखळी धरून उठू लागला तेव्हा त्याचे घड्याळ मनगटावरून घसरत कोपराकडे कोटाच्या बाहीत गेले. सहदेवने ते पाहिले आणि वहीकडे नजर वळवली. वहीत अडुसष्ट होते.

शिवदास बाहेर पडल्यावर धाकू जवळ येऊन हळूच म्हणाला, "काटो खोटा बोलना नाय, मेस्त्री. पण माका ह्यो माणूस अडुसष्टाचो दिसना नाय."

"विमान आकड्यावर उडतं, धाकू. दिसण्यावर नाही," सहदेव म्हणाला आणि वही पिशवीत टाकून निघाला.

वखारीपासून तबेला चार मिनिटांवर होता. तिथल्या म्हशी आरे कॉलनीत गेल्याला कितीतरी वर्षे झाली होती. दोन्ही बाजूंच्या गव्हाणी तेवढ्या राहिल्या होत्या, आणि दमट हवेत अजून कधीकधी शेणाचा वास येई. दोन गव्हाणींच्या मधल्या वाटेत विमान उभे होते. एका माणसापुरते, बिनपंखांचे. पंख गव्हाणींवर आडवे ठेवले होते. त्यांच्यावर ताणलेले कापड छपरातल्या कवडशांत दुधाळ दिसे.

सहा वर्षांचे रविवार त्यात गेले होते. सहदेवचे वडील देवगडला होड्या बांधत. तो स्वतः सांताक्रूझ विमानतळाच्या हँगरमध्ये फिटर म्हणून निवृत्त झाला, पण लोकांच्या तोंडी वडिलांचे मेस्त्रीपण त्यालाच चिकटून राहिले. शिवदास जुहूच्या क्लबात छोट्या विमानांची देखभाल करी. रोज दोन तास जास्त काम करायचे आणि त्या बदल्यात महिन्याला एक तास उडायचे, असे करत अकरा वर्षांनी त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला होता. आपले विमान बांधू, ही गोष्ट कोणाच्या तोंडून पहिल्यांदा निघाली यावर दोघांचे अजून एकमत नव्हते.

पंखांचे कापड शिवदासच्या बायकोने, शकुने शिवले होते. पंखाच्या आतल्या पट्ट्यांना कापड दोऱ्याने बांधावे लागते. सहदेवने तिला त्यासाठी एक गाठ शिकवली, कोकणात जाळे विणताना घालतात तशी, थोडी बदललेली. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ. एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. पहिल्या दिवशी शकुने चाळीस गाठी घातल्या आणि सहदेवने चाळीसच्या चाळीस उसवल्या. दुसऱ्या दिवशी तिने एकच घातली, ती तासभर घालत बसली, आणि ती बरोबर होती. आता दोन्ही पंखांवर मिळून तिच्या अकराशे गाठी होत्या. गाठ आवळल्यावर शेवट डावीकडे दुमडायचा, ही तिची स्वतःची सवय. ती सहदेवने शिकवली नव्हती.

राहिले होते पेट्रोल. टाकी कुठे, केवढी, नळी कुठून न्यायची, हे कागदावर ठरल्याशिवाय पत्र्याला कात्री लावायची नाही, असे सहदेवने बजावले होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने नकाशा काढला होता.

शकु डबा घेऊन आली आणि नकाशाशी वाकली.

"भाऊ, टाकी पुढे, इंजिनाला चिकटून का? भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून मध्ये लोखंडी पत्र्याचा पडदा आहे," सहदेव म्हणाला. कोणी काही विचारले की त्याचा आवाज आपोआप सावकाश होई. हँगरमधली नवी पोरे त्याच्याकडेच शिकायला पाठवत. "वहिनी, चाळीत पाण्याची टाकी कुठे असते?"

"गच्चीवर."

"नळाला पंप लागतो?"

"नाही. आपोआप येतं."

"तसंच. टाकी इंजिनाच्या वर, पेट्रोल आपोआप खाली. पंप नाही म्हणजे पंप बिघडायची काळजी नाही. आता सांगा, गोडेतेलाच्या डब्याला भोकं किती पाडता?"

"दोन. एकानं तेल येतं, दुसऱ्यानं वारा आत जातो. एकच पाडलं तर डबा गुटगुट करतो आणि तेल अडतं."

"मग विमानाच्या टाकीला किती?"

शकुने नकाशावर बोट फिरवले आणि टाकीच्या झाकणावर काढलेली बारीक नळी दाखवली. "हे दुसरं भोक."

"बघ," सहदेव शिवदासला म्हणाला, "तुला हे कळायला दोन दिवस लागले होते."

शिवदास गव्हाणीच्या कडेवर बसला होता. "तेलाच्या डब्याचं मला कोणी विचारलंच नव्हतं. मी तर म्हणतो हिलाच उडव."

मग हिशेब सुरू झाला. कोरे विमान दोनशे बारा किलो. शिवदास अडुसष्ट. चाळीस लिटर पेट्रोल एकोणतीस किलो, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. सगळे मिळून तीनशे नऊ. विमानाची मर्यादा तीनशे अकरा.

"दोन किलो उरतात," सहदेव म्हणाला. "त्यात काही होत नाही. इंजिन तासाला अकरा लिटर पितं. कराडला जायला दोन तास, बावीस. तळाला दोन लिटर कधीच वापरता येत नाही. अर्ध्या तासाचं हाताशी ठेवायचं. जायला चाळीस पुरतात. यायला पुरत नाहीत. जाऊन यायचं तर बावन्न पाहिजेत."

"जायचं बघ तू," शिवदास म्हणाला. "यायचं मी बघतो."

"बघतो म्हणजे? कराडला आपल्या इंजिनाचं पेट्रोल मिळत नाही. पंपावरचं मी त्यात घालू देणार नाही, अर्धं रॉकेल असतं त्यात. आणि डबे घेऊन एसटीत बसू देतात का?"

"मग राहू दे विमान तिथंच."

"तिथे ठेवायला सहा वर्षं बांधतोय?"

शिवदास डब्याचे झाकण उघडून बसला. कराडच का, हे दोघांनाही माहीत होते. कराडची धावपट्टी होत होती तेव्हा शिवदासच्या आईने तिथे खडी फोडली होती. तो शेजारी बसून दगड गोळा करून देई. काम संपल्यावर मुकादमाने सगळ्यांना पट्टीवरून उठवले, आणि पहिले विमान उतरले ते त्यांनी लांबच्या बांधावरून पाहिले. माझ्या मायच्या खडीवर एकदा चाक टेकवायचंय, एवढेच तो म्हणे, आणि तेही सहा वर्षांत दोनदाच.

त्याने अर्धी भाकरी डब्यात परत ठेवली. शकुने ती बघून डबा बंद केला.

"चल, आत बस," सहदेव म्हणाला. "गुडघे टाकीच्या तळाला लागतात का ते मोजू."

शिवदास विमानात चढला. बसताना कोटाचे टोक पेट्रोलच्या चावीच्या खुंटीत अडकले. सहदेवने ते सोडवले. तो पुन्हा हलला, पुन्हा अडकले.

"कोट काढ."

"राहू दे."

"उडताना चावी बंद झाली तर? काढ तो. उडतानासुद्धा घालायचा नाही हा कोट, दुसरा बघू."

शिवदासने एकेक बटण काढले, आणि कोट सहदेवच्या हातात न देता शकुकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, भिंतीपाशी गेली आणि खुंटीवर अडकवला.

सहदेव पट्टी घेऊन आत वाकला. आतला सदरा शिवदासच्या खांद्यांवर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. गुडघा आणि टाकी यांत तीन बोटे अंतर निघाले. सहदेवने ते तीनदा मोजले.

मागे खुंटी उपटून कोट खाली पडला.

कोट पडल्याचा आवाज सहदेवला माहीत होता. हा तसा नव्हता. कोणी ओल्या वाळूची पिशवी टाकावी तसा झाला.

"काय पडलं?" शिवदासला मान मागे वळवता येत नव्हती.

"काही नाही. तुझा कोट," सहदेव म्हणाला आणि उचलायला गेला. कोट एका हाताने उचलला जाईना. त्याने दुसरा हात खाली घातला. खालच्या कडेला, अस्तराच्या आत, बोटांना गोळ्या लागल्या. लांबट, मधे भोक असलेल्या. लहानपणी वडिलांच्या शेजारच्यांच्या जाळ्यांना त्याने त्या शेकड्यांनी ओवल्या होत्या. जाळे खाली ओढून धरणाऱ्या शिशाच्या गोळ्या. पाठीच्या अस्तरात त्यांची एक ओळ होती, दोन्ही बाजूंना आणखी दोन.

त्याने अस्तराची कड उलटली. प्रत्येक गोळीला वेगळा टाका होता, प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, आणि गाठीचा शेवट डावीकडे दुमडलेला.

त्याने वर पाहिले. शकु भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता आणि ती त्याच्याकडे नाही, त्याच्या हातातल्या गाठींकडे बघत होती.

"मेस्त्री, उतरू का?" विमानातून शिवदासने विचारले.

"बस जरा," सहदेव म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच आला. "आकडा लिहून घेतो."

सोमवारी दुपारी शकु एकटीच तबेल्यात आली. सहदेव गव्हाणीवर बसला होता, समोर नकाशा पसरलेला, हातात पेन्सिल नव्हती.

"केव्हापासून?" त्याने विचारले.

"श्रावणापासून पोटात दुखतं म्हणायचे. दिवाळीत परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं."

"काय म्हणाले?"

"गोळ्या दिल्या. मे महिन्यापर्यंत काय खायचं, काय नाही, ते सगळं लिहून दिलं. मी विचारलं, पावसाळ्यात काय द्यायचं. त्यावर काही बोलले नाहीत."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

"ह्यांनी वेसाव्याच्या कोळ्यांकडून शिसं आणलं. मला म्हणाले, शिव. मी म्हटलं, भाऊंना फसवायचं? त्यांनीच शिकवलेल्या गाठीनं? तर म्हणाले, वजन उतरलेलं दिसलं की मेस्त्री काम थांबवेल. त्याच्या हाताखालून खोटा कागद कधी गेला नाही. तो थांबवेल आणि मग मी नुसताच पडून राहीन." तिने डोळे पुसले नाहीत. "मग शिवलं मी. दिवाळीला तीन किलो. डिसेंबरात सहा. आता साडेआठ आहे."

"नक्की साडेआठ?"

"मीच तोलून भरते ना."

सहदेवने मान हलवली. रागावण्यासाठी त्याने कालपासून जपून ठेवलेले शब्द होते. ते आता कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

"विमान समजून घेत नाही, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "माणूस घेतो. कागदावर काहीही लिहा, ते खऱ्या वजनावरच चालतं. बागेत फळी असते ना, दोन्हीकडे पोरं बसतात ती? शिवदास एका बाजूला, पुढची टाकी दुसऱ्या बाजूला. हा हलका झाला की नाक खाली जातं. उतरताना ते वर ओढायला जोर लागतो. आणि त्याच्या हातात..."

तो नकाशाच्या दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"थांबवणार?" शकुने विचारले.

ती गेल्यावर सहदेवने तबेल्याला कुलूप लावले आणि नाक्यापर्यंत चालत गेला. हँगरमध्ये त्याने एकदा एका साहेबाचे विमान अडवून धरले होते, सामानाचे वजन कागदाशी जुळत नव्हते म्हणून. साहेब ओरडला होता, याने किल्ली खिशात टाकून चहा प्यायला होता. ती गोष्ट तो नव्या पोरांना नेहमी सांगे. आत्ताही त्याने टपरीवर चहा मागवला. चहा गार झाला तरी त्याने कप उचलला नाही. मग तो परत आला, कुलूप काढले आणि नकाशासमोर बसला.

अडुसष्टवर त्याने रेघ मारली. बाजूला साडेएकोणसाठ लिहिले. मग तो हिशेब पहिल्यापासून करू लागला, शाळेतल्या मुलासारखा, एकेक ओळ, खाली रेघ, एकेक बेरीज. तो शेवटाला पोचला तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली. थोड्या वेळाने उचलली आणि नकाशात, शिवदासच्या सीटच्या मागे, एक चौकोन काढला.

पुढच्या रविवारी शिवदास आला तेव्हा तो कोट घालूनच होता. सीटच्या मागे पत्र्याची एक नवी टाकी बसवलेली होती, आणि सीटच्या उजव्या हाताला एक छोटा हातपंप. त्याचा लाकडी दांडा घासून गुळगुळीत केलेला.

"हे काय?"

"दुसरी टाकी. बारा लिटर. मागची टाकी खाली आहे, तिथून पेट्रोल आपोआप पुढे जात नाही. हा दांडा मागे-पुढे ओढायचा. मागचं पुढच्या टाकीत जातं. पुढची अर्धी झाली की ओढायला लागायचं."

"आणि वजन? तूच म्हणालास, दोनच किलो उरतात."

"ते दोन किलो पत्रा आणि पंपात गेले."

"मग बारा लिटर कुठून आणलेस?"

सहदेवने त्याच्या हातात कागद दिला. शिवदास गव्हाणीच्या कडेवर बसून वाचू लागला. दोनशे बारा. त्याखालचा आकडा. बेरीज. पुन्हा त्याखालचा आकडा. कागद त्याच्या गुडघ्यावर होता आणि तो बराच वेळ वर बघत नव्हता.

शकु दाराशी डबा धरून उभी होती. "मी नाही सांगितलं आधी," ती म्हणाली. "त्यांना गाठ दिसली."

"तुझी गाठ?"

"माझीच."

शिवदासला हसू आले. ते हसू तोंडावर पुरते आले नाही. त्याने कोटाचे वरचे बटण काढले, मग दुसरे.

"तू थांबवशील असं वाटलं होतं, मेस्त्री."

"मलाही."

"मग?"

"तू साडेआठ किलो कमी झालास. साडेआठ किलोत बारा लिटर पेट्रोल बसतं. सीटच्या मागे ठेवलं तर नाकही खाली जात नाही. बेरीज तीनशे अकरा. मी चारदा केली." सहदेव पंपाचा दांडा पुसत होता, पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते. "जाऊन यायला बावन्न लागतात, ते झाले. एक अट आहे."

"बोल."

"परत यायचं. तिथं ठेवायला मी बांधलेलं नाही."

शिवदासने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"आणि मला नाही जमलं तर?"

"रविवारी रविवारी हा दांडा ओढून दाखवायचास. बारा लिटर, मधे न थांबता. ज्या दिवशी थांबशील त्या दिवशी नाही उडायचं. ते मी सांगणार नाही. तूच म्हणायचंस."

शिवदास उठला. कोट काढून त्याने शकुकडे दिला आणि विमानात चढला. मागच्या टाकीत सहदेवने आधीच बारा लिटर ओतून ठेवले होते. दांडा पहिल्यांदा कोरडाच गेला, मग नळीत गुळगुळ झाले आणि पुढच्या टाकीत धार पडल्याचा आवाज आला. शकु हातात कोट घेऊन मोठ्याने मोजत राहिली. साठनंतर शिवदासचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. नव्वदला तो ओठ मिटून नुसताच ओढत होता. एकशे आठला धार संपली.

"थांबलो नाही," तो म्हणाला.

"बघितलं मी."

"झकास यार, मेस्त्री." त्याने डोके सीटला टेकवले. "च्यायला, परत यायचं म्हणजे फारच काम लावलंस."

त्यानंतरच्या आठवड्यात शकुने अस्तर उसवले आणि शिसे वेसाव्याला नेऊन परत केले.

फेब्रुवारीच्या एका रविवारी तिघे पुन्हा वखारीत गेले. शकु पहिल्यांदाच आली होती. ती बाभळीच्या ओंडक्यांपाशी उभी राहिली. शिवदासने सदऱ्यावर उडताना घालायचा दुसरा, तेवढाच जाड पण आखूड कोट चढवला होता. तो पारड्यात बसला, साखळीला हात न लावता, आणि धाकूने नेहमीप्रमाणे तीन वीस, एक पाच, एक दोन, एक एक अशी वजने समोर चढवली. शिवदासचे पारडे वर गेले आणि वरच राहिले. त्याचे पाय हवेत लोंबत होते.

धाकू वजनांकडे वळला. त्याने एक काढले. दोन काढले. पाच काढले. मग विसातले एक वजन काढून त्या जागी पंधरा ठेवले, दोन ठेवले, एक ठेवले. दांडी आडवी झाली.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला, विनोद केला नाही.

सहदेवने लिहिले. बाजूला एक छोटी वजाबाकी केली, एक भागाकार केला.

"दीड किलो," तो म्हणाला. "दोन लिटर वाढले."

"दोन?" शिवदास वरूनच म्हणाला. "मग साताऱ्यावरून वळसा घालून येता येईल. शकु, तुझ्या माहेरावरून."

"या की," शकु म्हणाली. "आईला सांगते, गच्चीवर उभी राहा म्हणून."

शिवदास हसला. मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला.

"पण मेस्त्री, टाकी बाराची. चौदा मावणार कसे?"

सहदेव वही पिशवीत घालत होता. पिशवीचे तोंड त्याला नीट सापडेना.

"मावतील," तो म्हणाला. "वीसची केलीय."

शिवदासने एकदा शकुकडे पाहिले, मग खाली, आपल्या लोंबणाऱ्या पायांकडे. वखारीत कुठेतरी करवत चालू होती ती थांबली.

धाकू वजनांपाशी वाकला. विसाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला, आणि आधी एक किलोचे उचलले. मग दोनचे. मग दुसऱ्या हाताने साखळी धरून, शिवदासचे पारडे हळूहळू जमिनीला टेकेपर्यंत, तो एकेक वजन उतरवत राहिला.